वक्रपाद, जन्मजात

वक्रपाद, जन्मजात : जन्मतःच पाऊल घोट्यापासून आत व खाली वळलेले, टाच वर ओढलेली आणि तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला असणे, या विकृतीस जन्मजात वक्रपाद असे म्हणतात. बोलभाषेत तिला ‘मुडपलेले पाऊल’ किंवा नुसते ‘वाकडा पाय’ म्हटले जाते. रुग्णालयांतून मात्र ‘क्लबफूट’ हेच नाव रूढ आहे. असे पाऊल हाताने सरळ करू गेल्यास ते पूर्णपणे सरळ होत नाही, ही तिची मुख्य खूण होय. दर हजार जन्मांमागे सु. एका बालकात ही विकृती आढळते. मुलींच्या मानाने मुलांत तिचे प्रमाण सु. दुप्पट असते आणि जवळजवळ निम्म्या बालकांची दोन्ही पावले वाकडी असतात.

या प्रमाणाचा अर्थ एका परिसरापुरता पाहणे उद्‌बोधक ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सु. ५८ लाख होती. जन्मप्रमाण दर हजारी सु. १५ धरल्यास या दोन जिल्ह्यांत दरवर्षी ८० ते १०० बालके वाकडे पाऊल घेऊन जन्मास येत असावीत. हा केवळ ढोबळ हिशेब असला, तरी विकृती दुर्मिळ नाही, हे त्यावरून ध्यानात येते. पहिल्या काही आठवड्यांत योग्य उपचार सुरू झाल्यास यांपैकी बहुतेक मुले इतर मुलांसारखी धावू-खेळू शकतात. उपचार झाले नाहीत, तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, क्वचित पावलाच्या वरच्या बाजूवर भार देऊन चालू लागते. तेथे जाड घट्टा पडतो, चप्पल पायात टिकत नाही आणि अपंगत्व जन्मभर सोबत करते.

रचना : विकृतीचे चार घटक मानले जातात. पावलाची कमान प्रमाणाबाहेर खोल असते. पावलाचा पुढचा भाग आत वळलेला असतो. टाच आतल्या बाजूस कललेली असते. आणि पाऊल घोट्यात खाली झुकल्यामुळे टाच जमिनीला टेकत नाही. शेवटच्या घटकास असलेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘घोड्यासारखे’ असा आहे, कारण घोडा टाच न टेकता चालतो. टाच वर ओढून धरणाऱ्या जाड कंडरेला मराठीत घोडशीर म्हणतात. दोन्हीकडे घोडा आला आहे, हा योगायोगच होय.

मूळ बिघाड घोट्याचे हाड, टाचेचे हाड व त्यांच्यापुढील नौकाकृती हाड यांच्या परस्पर स्थितीत असतो. नौकाकृती हाड घोट्याच्या हाडाच्या डोक्यावरून आत सरकलेले असते आणि टाचेचे हाड त्याच्याखाली आत वळलेले असते. आतील व मागील बाजूचे अस्थिबंध आणि कंडरा आखूड व जाड झालेल्या असल्याने हाडे त्या स्थितीत जखडली जातात. नवजात बालकाच्या पावलातील हाडांचा मोठा भाग अद्याप कूर्चेचा असतो. त्यामुळे ती हळूहळू योग्य जागी आणता येतात व नव्या जागी त्यांना योग्य आकारही येऊ शकतो. लवकर उपचार करण्याचे सारे महत्त्व याच गोष्टीत आहे. पोटरी मात्र जन्मतःच बारीक असते आणि उपचार उत्तम झाला, तरी ती काहीशी बारीकच राहते. पाऊलही दुसऱ्यापेक्षा थोडे लहान राहते. हा उपचारातील दोष नव्हे, हे पालकांना आरंभीच सांगितले पाहिजे.

निदान : विकृती जन्मतःच डोळ्यांना दिसते, क्ष-किरण चित्राची गरज सहसा पडत नाही. गर्भाशयातील दाटीमुळे पाऊल नुसते मुडपलेले असेल, तर ते हलक्या हाताने सरळ होते व थोड्या दिवसांत आपोआप सुधारते. हा प्रकार खऱ्या वक्रपादापासून वेगळा ओळखला पाहिजे. सु. पाचव्या हिश्श्याच्या बालकांत वक्रपादाबरोबर इतरही दोष असतात, उदा., पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष किंवा अनेक सांधे आखडलेले असणे. म्हणून पावलाबरोबर बालकाची पाठ, खुबे व हात तपासणे आवश्यक असते. पोलिओमुळेही पाऊल असेच वळत असे. परंतु ते जन्मानंतर, स्नायूंच्या दुर्बलतेमुळे होई. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे आज लहान मुलाचे पाऊल वाकडे दिसल्यास ते बहुधा जन्मजातच असते.

गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीत वाकडे पाऊल दिसू शकते. अशा वेळी गर्भाचे इतर अवयव काळजीपूर्वक पाहावेत. दोष केवळ पावलापुरता असेल, तर तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करणे सर्वस्वी अनाठायी आहे. दुर्दैवाने, विकृती सुधारता येते हे कोणी वेळीच न सांगितल्यामुळे असा विचार करणारी कुटुंबे आढळतात.

कारणे : बहुसंख्य बालकांत निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासावरून दिसते. एकबीज जुळ्यांपैकी एकास विकृती असल्यास दुसऱ्यास ती असण्याचा संभव सु. एकतृतीयांश असतो, द्विबीज जुळ्यांत तो शेकडा तीनच्या आसपास असतो. गरोदरपणातील धूम्रपानाशीही तिचा संबंध आढळला आहे.

लोकसमजुतींचा विचार येथे टाळता येत नाही, कारण त्यांचा भार आईवर पडतो. सुश्रुतसंहितेत गर्भिणीचे डोहाळे न पुरविल्यास कुबडे, लुळे, लंगडे अपत्य होते, असे म्हटले आहे. त्यात निदान गर्भिणीला जपण्याचा उपदेश तरी आहे. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले किंवा पाय मुडपून बसली, म्हणून मुलाचा पाय वाकडा झाला, ही समजूत तेवढीही उपकारक नाही. ग्रहण, डोहाळे, बसण्याची पद्धत वा आईचे कष्ट यांपैकी कशाचाही या विकृतीशी संबंध नाही. सुईण वा आजी करते ते तेल लावून चोळणे निरुपद्रवी असते; पण त्याने पाऊल सरळ होत नाही आणि ‘चोळून बघू’ म्हणण्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

इतिहास : वाकडे पाऊल जन्मानंतर लवकरात लवकर हातांनी हळूहळू वळवावे व पट्ट्यांनी बांधून ठेवावे, असे ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रंथांत इ.स.पू. सु. ४०० मध्येच सांगितलेले आहे. हे तत्त्व पुढे अनेकदा विसरले गेले व पुन्हा शोधले गेले. जर्मनीत गेओर्ख फ्रीड्रिख लूइस स्ट्रोमायर (१८०४–७६) यांनी त्वचेला अगदी लहान छेद देऊन घोडशीर कापण्याची शस्त्रक्रिया १८३१ मध्ये केली. स्वतःचे पाऊल वाकडे असलेले इंग्रज वैद्य विल्यम जॉन लिटल (१८१०–९४) यांनी १८३६ मध्ये त्यांच्याकडून ती करून घेतली आणि मायदेशी परतून तिचा प्रसार केला. १८५२ मध्ये डच लष्करी शल्यविशारद आंटोनियस माथायसेन यांनी प्लास्टरच्या पट्ट्या वापरात आणल्या आणि वळविलेले पाऊल तसेच धरून ठेवण्याचे उत्तम साधन हाती आले.

विसाव्या शतकात अमेरिकेतील हायरम काइट यांनी प्लास्टरची पद्धत चिकाटीने चालविली. पण पाऊल वळविताना दाब चुकीच्या हाडावर येत असल्याने तीत महिनोन्‌महिने लागत व यश अपुरे मिळे. त्यामुळे शल्यविशारदांचा कल मोठ्या शस्त्रक्रियेकडे झुकला. १९७१ मध्ये व्हिन्सेंट टर्को यांनी पावलाच्या मागील व आतील बाजूचे सर्व आखूड बंध एकाच वेळी मोकळे करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि पुढील दोन-तीन दशके ती जगभर प्रमाण मानली गेली. भारतातही त्या काळातील हजारो मुलांवर ती झाली. पाऊल सरळ दिसे. परंतु अशी मुले तिशीत पोहोचली, तेव्हा त्यांपैकी अनेकांची पावले ताठर, दुबळी व दुखरी झाल्याचे दीर्घकालीन पाहण्यांत आढळले. जितके अधिक कापले, तितका आतील व्रण अधिक, असा हा अनुभव होता.

याच काळात आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) वेगळ्या मार्गाने चालले होते. मूळचे स्पेनमधील मिनॉर्का बेटाचे हे वैद्य यादवी युद्धानंतर देशत्याग करून अमेरिकेत आले होते. पावलातील सांध्यांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी आपली प्लास्टरची पद्धत सिद्ध केली व १९६३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीस वर्षे त्यांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची सरासरी ३४ वर्षांच्या वयात फेरतपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७८% व्यक्तींच्या पावलांची स्थिती चांगली वा उत्तम होती. जन्मतः निर्दोष पावले असलेल्या तुलना-गटात हेच प्रमाण ८५% होते. त्यानंतर, बऱ्याच अंशी पालकांच्याच आग्रहामुळे, ही पद्धत सर्वत्र पसरली. आज तीच प्रमाण चिकित्सा होय.

चिकित्सा : उपचार शक्यतो जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू करतात. आठवड्यातून एकदा पाऊल हातांनी एक-दोन मिनिटे हळुवारपणे वळवितात आणि मिळालेली सुधारणा टिकविण्यासाठी बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, प्लास्टर घालतात. गुडघ्याखाली संपणारे प्लास्टर निसटते व आत पाय फिरतो, म्हणून ते उपयोगी नाही. पहिल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याकडील बाजू उचलून खोल कमान सरळ करतात. हे पाहून पालक गोंधळतात, कारण पाऊल क्षणभर अधिकच वाकडे दिसते. पुढील प्लास्टरांत घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर अंगठ्याचा आधार देऊन सबंध पाऊल त्याभोवती बाहेर फिरवितात. टाचेला हात लावून ती ओढावयाची नसते; पाऊल बाहेर फिरले की ती आपोआप सरळ होते. पद्धतीचे मर्म यात आहे. पाच ते सात प्लास्टरांत पाऊल सु. ६० ते ७० अंश बाहेर फिरू लागते.

आता टाच तेवढी वर राहते. सु. ८० ते ९० टक्के बालकांत यासाठी घोडशीर कापावी लागते. स्थानिक भूल देऊन, टाचेच्या वर सु. एक ते दीड सेंमी. अंतरावर बारीक पाते आत घालून ती आडवी छेदतात. शस्त्रक्रियेस काही मिनिटे लागतात व टाक्याची सहसा गरज पडत नाही. कंडरा कापली म्हणजे पाय अधू होईल, अशी भीती घरातील वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तान्ह्या बालकात कापलेल्या टोकांमधील अंतर नव्या ऊतकाने तीन आठवड्यांत भरून येते व कंडरा योग्य लांबीची होऊन पुन्हा काम करू लागते. तेवढे तीन आठवडे शेवटचे प्लास्टर असते. छेदानंतर एखाद-दुसरा दिवस बाळ किरकिरते. प्लास्टरवर रक्ताचा लहानसा डाग दिसू शकतो. आईने स्तनपान नेहमीप्रमाणे चालू ठेवावे.

प्लास्टर असताना बोटांकडे लक्ष ठेवणे हे घरच्यांचे मुख्य काम असते. बोटे निळी वा पांढरी पडली, सुजली, किंवा प्लास्टरमध्ये आत जाऊन दिसेनाशी झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्लास्टर निसटल्यास आत पाऊल पुन्हा वळते व जखमही होते. पाटण, जावळी, महाबळेश्वर या साताऱ्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यात प्लास्टर कोरडे ठेवणे हेच एक मोठे काम होऊन बसते. आदल्या रात्री घरीच प्लास्टर भिजवून काढण्याचा सल्ला काही ठिकाणी देतात. परंतु मधल्या तासांत पाऊल थोडे मागे फिरत असल्याने ते नवे प्लास्टर घालण्यापूर्वी रुग्णालयातच काढणे अधिक इष्ट होय.

दांडीचे बूट : पाऊल सरळ झाले, तरी आत वळण्याची त्याची प्रवृत्ती चार-पाच वर्षांपर्यंत टिकून असते. म्हणून शेवटचे प्लास्टर काढताच एका दांडीने जोडलेले दोन बूट बाळाच्या पायांत घालतात. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असते. वाकड्या असलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंश व निर्दोष पायाचा ३० ते ४० अंश बाहेर फिरविलेला असतो. पहिले तीन महिने ते दिवसातून सु. २३ तास घालावयाचे असतात. नंतर चार ते पाच वर्षांचे वय होईपर्यंत केवळ रात्री व दुपारच्या झोपेत. दिवसा मूल मोकळे असते, रांगते व बहुधा इतर मुलांच्याच वयात चालू लागते.

सबंध उपचारातील हा सर्वांत साधा व सर्वांत अधिक वेळा मोडणारा टप्पा होय. आयोवातील २००४ च्या एका अहवालात १५७ मुलांच्या २५६ पावलांपैकी ९८% पावले प्लास्टरने सरळ झाली होती. पाऊल पुन्हा वळण्याचा संबंध विकृतीच्या तीव्रतेशी नव्हे, तर बूट न वापरण्याशी होता. त्याच केंद्राच्या अनुभवानुसार बूट नियमाने वापरणाऱ्यांत विकृती परतण्याचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास, तर न वापरणाऱ्यांत शेकडा ८० हून अधिक होते. म्हणजे वैद्याचे काम दोन-तीन महिन्यांचे व आईचे चार वर्षांचे, असा हा उपचार आहे.

ही चार वर्षे सर्व घरांत सारखी जात नाहीत. जत, आटपाडी, खटाव, माण या अवर्षणप्रवण तालुक्यांतून रुग्णालयापर्यंत येण्यात कामाचा सबंध दिवस मोडतो. याच भागातील मेंढपाळ कुटुंबे वर्षातील काही महिने कळपाबरोबर फिरतीवर असतात. विटा व आटपाडीकडील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त दूरच्या प्रांतांत राहतात. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीसाठी येणारी कुटुंबे कोप्यांतून राहतात. पाऊल वाढते, बूट लहान होतो. नवा मिळण्याचे ठिकाण शंभर कोसांवर असते. उन्हाळ्यात बुटात घाम येऊन टाचेला फोड येतात व ‘आता पाय सरळच आहे’ म्हणून बूट आढ्याला टांगले जातात. पाय सरळ आहे, म्हणूनच बूट घालावयाचे असतात, ही गोष्ट एकदा सांगून पटत नाही. ती प्रत्येक भेटीत, आणि केवळ आईला नव्हे, तर घरातील निर्णय घेणाऱ्या माणसालाही सांगावी लागते. फोड येत असेल, तर बूट नीट बसलेला नाही, असे समजून तो तपासून घ्यावा. दोन पातळ सुती मोजे घालून पट्टा घट्ट आवळल्यास टाच आत घासत नाही. सवय लागेपर्यंत दोन-चार रात्री मूल रडते. दोन्ही पाय एकत्र हलविता येतात, हे त्याला उमगले की ते शांत होते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मजात दोषांत वक्रपादाचा समावेश आहे. प्रसूतिस्थानी व आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींत नवजात बालकाची, तर अंगणवाड्या व शाळांतून फिरत्या पथकांमार्फत मोठ्या मुलांची तपासणी करावी, अशी त्याची योजना आहे. आपल्या भागातील उपचाराचे ठिकाण पालकांना आशा कार्यकर्ती वा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून कळू शकते.

पुनरुद्भव व उशिरा होणारे उपचार : विकृती परतू लागल्याची पहिली खूण म्हणजे चालताना पावलाची बाहेरची कड आधी टेकणे. या वेळी दोन-तीन नवी प्लास्टरे बहुधा पुरतात. तीन वर्षांनंतर, चालताना पावलाचा पुढचा भाग आत उचलला जात असेल, तर नडगीच्या पुढील स्नायूची कंडरा पावलाच्या मध्याकडे सरकवून बसवितात. यानंतर सु. सहा आठवडे प्लास्टर असते. दोन्ही बाजूंची ओढ समतोल झाल्याने पुढे दांडीच्या बुटाची गरज सहसा राहत नाही.

मुळीच उपचार न झालेले मूल शाळेच्या वयात आले, तरी आशा सोडण्याचे कारण नाही. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांतही प्लास्टरने बरीच सुधारणा होते, हे आता दिसून आले आहे. प्लास्टरांची संख्या मात्र वाढते आणि छेद भूल देऊन करावा लागतो. त्यापुढील वयात, हाडांना चुकीचा आकार आलेला असल्यास, हाडाचा पाचरीसारखा तुकडा काढणे किंवा वाढ पुरी होत आल्यावर तीन सांधे जोडून टाकणे, हे पर्याय उरतात. पाऊल जमिनीला सपाट टेकते, पण त्याची लवचिकता जाते [⟶ विकलांग चिकित्सा].

अशा पावलांसाठी आणखी एक मार्ग आहे व त्याच्या भारतातील प्रसाराशी सांगली जिल्ह्यातील मिरजेचे नाव जोडलेले आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस (१८६५–१९३३) यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या रुग्णालयामुळे हे गाव शल्यचिकित्सेसाठी प्रसिद्धीस आले व १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रशियातील गाव्ह्रील इलिझारोव्ह (१९२१–९२) यांनी हाडात तारा ओवून त्या धातूच्या कड्यांना जोडण्याची व कडी रोज थोडी थोडी सरकविण्याची पद्धत विकसित केली होती. तिचा भारतात प्रसार करणाऱ्यांत मिरजेचे अस्थिशल्यविशारद जी. एस. कुलकर्णी हे अग्रणी होत. याच तत्त्वावर मुंबईचे बी. बी. जोशी यांनी हलक्या सळया व जोडणी-ठोकळे वापरून स्वस्त व सुटसुटीत चौकट तयार केली. तिचा उपयोग मुख्यतः लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी देशात बराच झाला. आखडलेले बंध कापण्याऐवजी त्यांना दिवसाला मिलिमीटरच्या अंशाने ताणीत न्यावयाचे, हा दोहोंतील समान विचार आहे.

या उपचारात मुलाला काही महिने चौकट वागवावी लागते. तारा शिरतात तेथील त्वचा रोज स्वच्छ करणे, चावी ठरल्याप्रमाणे फिरविणे, बोटे आखडू नयेत म्हणून ती हलविणे, ही कामे घरी करावी लागतात. तारांच्या मुळाशी लाली, स्राव वा ताप आल्यास त्वरित दाखवावे. चौकट काढल्यावर मिळविलेली स्थिती टिकविण्यासाठी पुन्हा प्लास्टर व नंतर आधाराचे बूट लागतात. आठ-दहा वर्षे पावलाच्या कडेवर चाललेल्या मुलाला तळव्याने चालणे नव्याने शिकावे लागते. तळव्याची त्वचा मऊ असल्याने आरंभी ती दुखते, आणि जुना घट्टा मात्र भार निघाल्यावर काही महिन्यांत आपोआप झडतो. शाळेचे एक वर्ष बुडण्याचा संभव असल्याने शस्त्रक्रिया वार्षिक परीक्षेनंतर ठरविणे सोयीचे पडते. दोन्ही पावलांचे माप वेगळे झाल्याने पुढे दोन मापांची पादत्राणे घ्यावी लागतात. लहान पावलाच्या बुटात मऊ भर घालूनही काम भागते.